कार्ड घ्यायच्या आधी खोली बघ

अगं, तू पाठवलेलं कोटेशन नीट वाचलं. दोन ग्राफिक्स कार्डं, आरटीएक्स ५०८०, दोन्ही लिक्विड कूलिंगची, १२०० वॅटचा एसएमपीएस, काचेचं मोठं कॅबिनेट. खालचा आकडा बघून तुझ्या कर्जाच्या हप्त्याची काळजी वाटली, म्हणून सविस्तर लिहितेय. फोनवर तू ‘हो ताई, हो ताई’ म्हणतेस आणि मनातलं मनातच ठेवतेस. तेव्हा हे निवांत वाच, भैय्यालाही वाचून दाखव. दुकान तुझं, पैसे तुझे, ठरवायचंही तूच. मला फक्त एवढंच वाटतं की ठरवताना तुझ्यासमोर सगळं असावं; विकणाऱ्याने जेवढं सांगितलं तेवढंच नको.

तुझी कामं मला माहीत आहेत. सकाळी वाढदिवसाचे आणि निवडीबद्दल अभिनंदनाचे फ्लेक्स, दुपारी लग्नाचे अल्बम, लग्नसराईत व्हिडिओ, आणि आता बांधकामवाल्यांची थ्रीडी एलिव्हेशन्स. रात्री शटर अर्धं ओढलं की त्याच मशीनवर भैय्याचे गेम. सगळं एकाच स्क्रीनवर होतं म्हणून ‘भारी मशीन हवं’ असं एकच वाक्य आपण म्हणून टाकतो. पण यातलं प्रत्येक काम मशीनचा वेगळा भाग दमवतं. आधी ते बघू.

फ्लेक्स घे. दहा बाय वीस फुटांचा बॅनर तू ७२ डीपीआयला उघडतेस, तेव्हा तो ८,६४० गुणिले १७,२८० पिक्सेलचा होतो. म्हणजे जवळपास १५ कोटी पिक्सेल. सीएमवायकेमध्ये असेल तर एका भरलेल्या लेयरला सुमारे ६०० एमबी. आता त्यात नेत्याचा मोठा फोटो, मागे भगवा नाहीतर निळा ग्रेडियंट, खाली कार्यकर्त्यांचे वीस-पंचवीस चेहरे, वर सावल्या आणि चमक. लेयर वाढत जातात, रॅम भरते, मग फोटोशॉप डिस्कवर लिहायला लागतं आणि तुझं मशीन अडखळतं. तिथे ग्राफिक्स कार्ड जवळपास मोकळं बसलेलं असतं. दुसरं आणलंस तर तेही मोकळं बसेल. अल्बमचंही तसंच. बारा बाय छत्तीस इंचांची शीट ३०० डीपीआयला जेमतेम चार कोटी पिक्सेलची. तिथे लागते भरपूर रॅम, वेगवान एनव्हीएमई डिस्क आणि रंग खरे दाखवणारा मॉनिटर. नवरीच्या शालूचा रंग छापून आल्यावर वेगळा दिसला की घरचे किती बोलतात ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कोरलमध्ये तर सगळा भार प्रोसेसरच्या एकेका कोरवर.

व्हिडिओचं थोडं निराळं आहे, आणि हे तुला कोटेशनवाल्याने सांगितलेलं दिसत नाही. हल्लीचे बरेच कॅमेरे १० बिट, ४:२:२ मध्ये शूट करतात. ती फाइल टाइमलाइनवर टाकली की मशीन धापा टाकतं, कारण ती उलगडायची सोय हार्डवेअरमध्ये असावी लागते. एनव्हीडियाच्या जीफोर्स कार्डांत ती सोय आरटीएक्स ५० मालिकेपासून, म्हणजे २०२५ पासून आली. त्याआधीच्या महागड्या ४०९० मध्येसुद्धा नव्हती. उलट इंटेलच्या अलीकडच्या प्रोसेसरांतलं साधं अंगभूत ग्राफिक्स एचईव्हीसीमधलं ४:२:२ कधीपासून सहज उलगडतं. म्हणजे लग्नाच्या व्हिडिओसाठी योग्य पिढीचं एक कार्ड, किंवा अगदी योग्य प्रोसेसरसुद्धा, जुन्या पिढीच्या दोन कार्डांपेक्षा उपयोगाचं. प्रीमियरमध्ये दुसऱ्या कार्डाने फारच थोडा फरक पडतो. दाविंची रिझॉल्व्हची तू वापरतेस ती फुकट आवृत्ती एकाच कार्डावर काम करते; एकापेक्षा जास्त कार्डं वापरायची तर पैसे देऊन स्टुडिओ आवृत्ती घ्यावी लागते.

राहिली एलिव्हेशन्स. दोन कार्डांचा खरा फायदा कुठे असेल तर इथे, म्हणून इथे जरा थांबते. ब्लेंडरच्या सायकल्समध्ये किंवा व्ही-रेच्या जीपीयू रेंडरमध्ये दोन कार्डं काम वाटून घेतात आणि वेळ जवळजवळ निम्म्यावर येतो. हे खरं आहे, मी रोज बघते. आमच्याकडे वॉकथ्रूचं काम आलं की दोन कार्डांचं मशीन रात्रभर चालतं आणि सकाळी क्लायंटला फाइल जाते. पण ल्युमियन, एन्स्केप, डी५ ही मंडळी एकाच कार्डावर चालतात. ब्लेंडरमधलं ईव्हीसुद्धा एकाच कार्डावर. आणि स्केचअपमध्ये मॉडेल फिरवताना जो अडखळा येतो तो प्रोसेसरचा असतो. तू एलिव्हेशन बहुतेक स्केचअप आणि ल्युमियनमध्ये करतेस. मग दुसरं कार्ड काय करणार, सांग बरं?

आणि आता तो ‘१६ अधिक १६, बत्तीस जीबी’चा हिशोब. हा ऐकून मला फार वाईट वाटलं, कारण याच्यावर भरवसा ठेवून लोक कर्ज काढतात. दोन कार्डांची मेमरी अशी जोडली जात नाही. रेंडर करताना सगळा सीन, भिंती, झाडं, टेक्स्चर, प्रत्येक कार्डाच्या मेमरीत स्वतंत्रपणे भरला जातो. सीन १८ जीबीचा झाला की १६ जीबीची दोन कार्डं असूनही तो दोन्हींत मावणार नाही. दोन घागरी शेजारी ठेवल्या म्हणून रांजण होत नाही. मेमरी खरोखर जोडायची एक सोय होती, एनव्हीलिंक नावाची. २०२० च्या मालिकेत ती घरगुती कार्डांपैकी फक्त ३०९० आणि ३०९० टीआयला उरली. २०२२ मध्ये ४०९० आलं त्यात तीही गेली, आणि आताच्या ५० मालिकेतही नाही. एनव्हीडियाने भारतासाठी जाहीर केलेली ५०८० ची किंमत १,०७,००० रुपये होती आणि ५०९० ची २,१४,०००. बाजारात दोन्ही याहून महागच मिळतात, पण प्रमाण बघ. दोन ५०८० च्या जाहीर किमतीत एक ५०९० बसतं आणि त्यात खरोखरची ३२ जीबी मेमरी सलग असते. बत्तीस जीबीच हवी असेल तर वाट ती आहे. तुला ती हवी आहे का, हा पुढचा प्रश्न.

भैय्याला दोन कार्डांचं वेड कुठून लागलं हेही कळतं मला. जुन्या व्हिडिओंमध्ये ती मशीनं दिसतात ना, निळ्या नळ्यांची, दोन कार्डांना जोडणारा पूल लावलेली. एक काळ त्यांचा होता. एनव्हीडियाने २००४ मध्ये एसएलआय आणलं, पुढच्या वर्षी तेव्हाच्या एटीआयने क्रॉसफायर. आणि या सगळ्याचा कळस म्हणजे एएमडीचं रेडिऑन आर९ २९५एक्स२, एप्रिल २०१४ मध्ये आलेलं. एकाच पट्टीवर दोन चिप, कारखान्यातूनच लिक्विड कूलिंग लावलेलं, १२० मिलिमीटरचा रेडिएटर, ५०० वॅटचा खप आणि १,४९९ डॉलर किंमत. त्याच्या खोक्यावर ८ जीबी लिहिलेलं असायचं, पण प्रत्येक चिपला मिळायचे चारच. बघ, हा बेरजेचा खेळ तेव्हापासूनचा आहे. २०१६ मध्ये एएमडीने रेडिऑन प्रो ड्युओ आणलं, तेही दोन चिपचं आणि लिक्विडचं, डिझाइन करणाऱ्यांसाठी म्हणून. त्यानंतर गेमसाठी ही वाट हळूहळू बंदच झाली.

का बंद झाली ते भैय्याला नीट समजावून सांग, म्हणजे त्याला वाटणार नाही की ताई पैसे वाचवायला काहीतरी सांगतेय. दोन कार्डं गेम चालवायची ती एक-एक फ्रेम आळीपाळीने वाटून घेऊन. पहिली फ्रेम याची, दुसरी त्याची. पण नव्या गेममध्ये प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमवर उभी असते. कडा गुळगुळीत करायचं तंत्र असो, डीएलएसएससारखं चित्र मोठं करायचं तंत्र असो, सगळ्याला मागची फ्रेम हाताशी लागते. ती दुसऱ्या कार्डावर असली तर आणेपर्यंत उशीर, आणि स्क्रीनवर बारीक बारीक झटके. शिवाय डायरेक्टएक्स १२ आणि वल्कन आल्यावर दोन कार्डांची सोय करायचं काम गेम बनवणाऱ्यांच्या डोक्यावर आलं, आणि मूठभर गिऱ्हाइकांसाठी ते कोण करणार? २०१८ च्या शॅडो ऑफ द टूम रेडरमध्ये ती सोय होती, पुढे असे गेम दुर्मिळच झाले. १ जानेवारी २०२१ पासून एनव्हीडियाने जुन्या कार्डांसाठी नवी एसएलआय प्रोफाइलं करणं थांबवलं. भैय्या काउंटर-स्ट्राइक खेळो की जीटीए, त्याचं दुसरं कार्ड नुसतं बसून राहील. त्याला खरंच सुख द्यायचं असेल तर १४४ किंवा १६५ हर्ट्झचा मॉनिटर घे. तो पहिल्याच रात्री फरक सांगेल.

आता पाण्याचं. हे मात्र मी मनापासून लिहितेय, कारण बीडच्या माणसाला पाणी आणि उष्णता दोन्ही कळतात.

आपली परळी डोळ्यांसमोर आण. औष्णिक केंद्राचे ते प्रचंड कूलिंग टॉवर. कोळशाने पाण्याची वाफ केली, वाफेने चक्र फिरवलं, आणि त्या वाफेचं पुन्हा पाणी करायला आणखी पाणी लागलं. ती उष्णता टॉवरमधून हवेत सोडताना रोज पाणी उडून जातं. म्हणून २०१३ च्या दुष्काळात, फेब्रुवारीत, खडका बंधारा कोरडा पडला आणि तेव्हा ११३० मेगावॉटचं असलेलं अख्खं केंद्र बंद ठेवावं लागलं. कोळसा असून पाणी नाही म्हणून वीज नाही, हे आपण बघितलंय. कॉम्प्युटरमधलं लिक्विड कूलिंग त्याच तत्त्वावर चालतं, फक्त ते बंद नळीत असतं. त्याला टँकर लागत नाही, काही शे मिलिलिटर द्रव आतच फिरत राहतो. वजनाला वजन धरलं तर पाणी हवेच्या चौपट उष्णता धरतं आणि जागेच्या हिशोबाने तर हजारो पट, म्हणून बारीक नळीतूनसुद्धा ते कार्डाची आग उचलून रेडिएटरपर्यंत नेतं. तिथे पंखे ती हवेत सोडतात.

पण हवेत म्हणजे कुठे? तुझ्याच दुकानात. विकणारे नेमकं हेच सांगत नाहीत. लिक्विड कूलिंग उष्णता संपवत नाही, तिची जागा बदलतं. दोन ५०८० चे मिळून ७२० वॅट, प्रोसेसरचे दीड-दोनशे, बाकीचं धरून मशीन पूर्ण भारावर हजार वॅट ओढणार. ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्या दहा बाय बाराच्या पत्र्याच्या खोलीत येणार. मे महिन्यात बीडला पारा चाळिशी ओलांडतो, बेचाळीसला टेकतो. पत्र्याखाली दुपारी काय होतं ते तू सोसतेसच. आणि रेडिएटर कितीही मोठा असला तरी तो द्रवाला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. चाळीस अंशांच्या खोलीत तुझं पाणी पन्नाशीला फिरणार. पुण्यातल्या एसी ऑफिसात बसून कुणी ‘माझं कार्ड ५५ वरच राहतं’ म्हणत असेल तर तो खरंच बोलतोय, फक्त त्याची खोली वेगळी आहे.

लिक्विड कूलिंगला नावं ठेवायची म्हणून हे लिहीत नाहीये. जिथे उष्णता दाटीने साठते तिथे ते लागतंच. पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ मध्ये बसवलेला परम ब्रह्म हा महासंगणक थेट द्रवानेच थंड होतो. कॅबिनेटमध्ये दोन जाडजूड कार्डं एकमेकांना चिकटून बसवली तर खालच्याची गरम हवा वरचं ओढतं आणि वरचं भाजत राहतं. तिथे एअर कूलिंग कमी पडतं आणि लिक्विडला खरा अर्थ येतो. म्हणजे लिक्विड हे बऱ्याचदा दोन कार्डांमुळे लागतं. एकच कार्ड असेल, तीन पंख्यांचं, पुढून-मागून हवा खेळतं कॅबिनेट असेल, तर हवेवर ते सुखाने चालतं.

तरी तू लिक्विडच घ्यायचं ठरवलंस तर काही गोष्टी गाठीला बांध. कारखान्यातून बंद होऊन आलेलं घे, स्वतः नळ्या जोडायचं घेऊ नकोस. ५०८० ची लिक्विड मॉडेलं बहुतेक ३६० मिलिमीटरच्या रेडिएटरची येतात. दोन कार्डांचे दोन आणि प्रोसेसरचा तिसरा, असे तीन रेडिएटर कुठल्या कॅबिनेटमध्ये बसणार ते आधी टेपने मोजून विचार. रेडिएटर पंपापेक्षा वर असू दे, म्हणजे हवेचे बुडबुडे पंपात अडकत नाहीत. पंप हा झिजणारा भाग आहे, आणि नळीतून वर्षानुवर्षं थोडा थोडा द्रव उडत राहतो. गरम खोलीत जरा जास्तच. एअर कूलिंगचा पंखा बिघडला तर बीडमध्ये कुणीही दुसरा बसवून देईल. पंप बिघडला तर अख्खं कार्ड कुरिअरने सर्व्हिस सेंटरला जाणार आणि येईपर्यंत दुकान थांबणार. आणि कुणी म्हणालं की नळ्या जोडून देतो, बोअरचं पाणी गाळून टाकू, तर त्याला दारातूनच परत पाठव. आपल्या काळ्या खडकातल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात ते हंड्याच्या तळाला दिसतं. ब्लॉकच्या केसाएवढ्या फटींत ते बसले की संपलं. तांब्याचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात ठेवले तर धातूच गंजत जातो.

धुळीचं तर बोलायलाच नको. रेडिएटरच्या पात्या इतक्या जवळ असतात की एका उन्हाळ्यात बुजतात. दर महिन्याला ब्लोअर मारायचा, पण पंखे हाताने धरून, फिरू न देता. फ्लेक्सच्या प्रिंटरच्या खोलीत तर हे मशीन अजिबात ठेवू नकोस. सॉल्व्हंट शाईची वाफ पात्यांवर बसते आणि तिच्यावर धूळ चिकटते, मग ती ब्लोअरनेही जात नाही. मध्ये काचेचं पार्टिशन कर, कितीही लहान असो. आणि तो वाळ्याचा कूलर मशीनच्या तोंडावर लावू नकोस. कोरड्या मे महिन्यात तो खोली गार करतो, ते ठीक. पण त्याचे तुषार मशीनमध्ये गेले तर क्षारांचा पांढरा थर बोर्डावर बसतो. पावसाळ्यात तर कूलर बंदच बरा.

विजेचा मुद्दा माझ्या मते कार्डापेक्षा मोठा आहे. तुझ्या महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो, तो बघ. दुकानाला व्यापारी दर लागतो, घरचा नाही. हजार वॅटचं मशीन आठ तास पूर्ण भारावर रेंडर करत राहिलं तर आठ युनिट. एका कार्डाचं साडेपाचशे वॅटचं चाललं तर साडेचारच्या आत. आणि लाइट गेली तर? तुझ्याकडचा ६०० व्हीएचा यूपीएस साडेतीनशे वॅटच्या आसपास दम सोडतो. हजार वॅटच्या मशीनला दोन केव्हीएचा हवा, आणि तो शुद्ध साइन वेव्हचा, कारण चांगले एसएमपीएस स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर कुरकुर करतात, कधी बंदही पडतात. त्याची किंमत कोटेशनमध्ये कुठे आहे? नाहीये. रेंडर ८० टक्क्यांवर असताना लाइट जाणं म्हणजे काय, ते तू मला रडत सांगितलं होतंस.

आणि अर्थिंग. अगं, हे कुणी बघतच नाही. उन्हाळ्यात आपली जमीन भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात ना, त्या तिथून. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजून घे; ते दोन-तीन व्होल्टच्या आत असायला हवं. जास्त आलं तर खड्डा नव्याने भरून घे आणि मार्चपासून त्यात अधूनमधून पाणी ओतत जा. मशीनला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट काढून घे, कूलर आणि प्रिंटर त्याच्यावर नको. लाखाच्या कार्डासाठी एवढं करणं काहीच नाही.

मग मी तुझ्या जागी असते तर काय घेतलं असतं? एकच कार्ड, १६ जीबी मेमरीचं, हवेवर चालणारं. एलिव्हेशनचं काम महिन्यातून चार-दोन असेल तर ५०६० टीआय, पण १६ जीबीचंच. त्याच नावाचं ८ जीबीचं येतं, ते चुकूनही नको. ते १८० वॅटमध्ये भागवतं. काम वाढतंय असं वाटत असेल तर ५०७० टीआय, ३०० वॅटचं. दोन्हींत ४:२:२ ची सोय आहे, दोन्हींवर भैय्याचे गेम छान चालतील. उरलेल्या पैशात ६४ जीबी रॅम. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, तरी तुझ्या फ्लेक्ससाठी कार्डाआधी रॅम. मग दोन टीबीची एनव्हीएमई, खऱ्या रंगांचा मॉनिटर, यूपीएस आणि बॅकअपच्या दोन हार्ड डिस्क. लोकांच्या लग्नाचे फोटो तुझ्याकडे असतात. ते गेले तर कुठलं कार्ड परत आणणार?

मदरबोर्ड मात्र असा घे की पुढे दुसरं कार्ड लावायचंच झालं तर दोन्ही स्लॉट आठ-आठ लेनवर चालतील आणि दोघांत अंतर राहील. एसएमपीएस ८५० वॅटचा, चांगल्या दर्जाचा. समजा दोन वर्षांत तू ब्लेंडर शिकलीस, वॉकथ्रूची कामं नियमित येऊ लागली, रोज रात्री मशीन रेंडरवर राहू लागलं, तर तेव्हा दुसरं कार्ड जरूर घे, एसएमपीएस बदल, आणि त्या वेळी लिक्विडचाही विचार कर. तो खर्च तेव्हा तुझं कामच भरून काढेल. आज तो तुझ्या हप्त्यातून जाईल.

एक सोपी गोष्ट कार्डासोबत शिकून घे. एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणली की वेग थोडासाच कमी होतो आणि उष्णता बरीच उतरते. एप्रिल ते जून तशीच ठेव. फुकटचं कूलिंग आहे ते. आणि नव्या कार्डांचा तो सोळा पिनांचा वीजजोड पूर्ण आत बसला आहे ना, ते स्वतः दाबून बघ. ४०९० आलं तेव्हा अर्धवट बसलेले जोड वितळल्याचे प्रकार झाले होते. प्लगजवळ वायर लगेच वाकवायची नाही.

खरेदी पुण्यातून कर की लॅमिंग्टन रोडवरून, बिल दुकानाच्या नावाने आणि जीएसटी नंबर टाकूनच घे. १८ टक्के जीएसटी आहे, तुझी नोंदणी नियमित योजनेत असेल तर तो वजा मिळतो. बिलावर कार्डाचा सिरीयल नंबर हवा. परदेशातून कुणाच्या बॅगेतून आलेलं घेऊ नकोस, त्याची वॉरंटी इथे चालेलच असं नाही. स्वस्तातलं वापरलेलं कार्ड दाखवतील, तेही टाळ. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं तेव्हा रात्रंदिवस तापलेली ढीगभर कार्डं बाजारात आली, ती अजून या हातातून त्या हातात फिरतायत.

आणि पैसे भरायच्या आधी एक काम कर. तुझं सगळ्यात जड एलिव्हेशन उघड, रेंडरला लाव, आणि टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर जा. जीपीयूचा आलेख किती वर आहे आणि डेडिकेटेड जीपीयू मेमरी किती भरलीय, ते बघ. मग सगळ्यात मोठा फ्लेक्स उघडून रॅमचा आकडा बघ. कार्डाची मेमरी काठोकाठ भरत असेल तर जास्त मेमरीचं कार्ड, आलेख तासन्‌तास शंभरावर असेल तर जास्त वेगाचं, आणि दोन्ही निम्म्यावर असतील तर अडखळा दुसरीकडेच आहे. दुपारी तीनला कर, पत्रा तापलेला असताना, आणि कार्डाचं तापमानही टिपून घे. तिन्हींचे स्क्रीनशॉट मला पाठव. रविवारी मी घरीच आहे, बसून दुसरं कोटेशन करू, त्यात यूपीएस आणि अर्थिंगसुद्धा धरू.